गोदावरीची नलिनी

लग्नात नवरामुलगा ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितो, ते पाहिलं की मला आजही शिसारी येते. लोक माना उंचावून बघतात, साखर वाटतात, 'छान ठेवलंय हो नाव' म्हणतात. जुन्याचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. खरकटं पुसावं तसं ते पुसून टाकलेलं असतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव गोदावरी. ती सिंहस्थात जन्मली, आणि त्या वर्षी नाशकात जन्मलेल्या मुलीला दुसरं काही नाव ठेवावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नसावं. शाळेत तिच्या वर्गात इतक्या गोदा होत्या की बाईंनी त्यांना विशेषणं लावली होती. लांब गोदा, बुटकी गोदा, सराफांची गोदा. आमची अक्का शेंबडी गोदा, कारण पहिलीत तिला कायम सर्दी असायची. पुढे सर्दी गेली, विशेषण मात्र राहिलं.

आईला त्या नावाचा फार अभिमान. त्र्यंबकला गौतम ऋषींनी दर्भाची काडी उगारली आणि गाय मेली. पाप फिटावं म्हणून त्यांनी तप करून शंकराच्या जटेतली गंगा खाली आणली. तिचं पाणी अंगावरून गेलं तशी गाय उठून उभी राहिली. 'गो म्हणजे गाय. तिला जीव दिला म्हणून गोदा,' असं आई वेणी घालता घालता सांगायची. अक्का आरशात बघून तोंड वेडावायची.

कारण तोवर वारं फिरलं होतं. वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या घरी उषा, सुधा, कुमुद, नलिनी जन्माला येऊ लागल्या होत्या. गोदा, भागीरथी, सगुणा ही नावं हळूहळू भांडी घासायला येणाऱ्या बायकांकडे सरकली. ज्यांच्या आज्या त्या नावांनी घर चालवून गेल्या, तीच माणसं आता ती ऐकून नाक मुरडत. नावांच्या या फॅशनचा मला वीट येतो. मालकिणीला नकोसं झालेलं पातळ मोलकरणीच्या अंगावर जातं, त्यातलाच हा प्रकार.

अक्काचं लग्न ठरलं ते नदीपलीकडे पंचवटीत. मुलगा कचेरीत नोकरीला, दिसायला बरा, पण बिजवर. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलं. आमचे वडील कोर्टात कारकून, हुंडा द्यायची ऐपत नाही. त्यामुळे बिजवर असणं कोणाला फारसं खुपलं नाही. तिचं नाव काय होतं, हेही कोणी विचारलं नाही. मेलेल्या बाईचं नाव विचारून करायचंय काय?

लग्नात भाऊजींनी तांदळावर 'नलिनी' असं लिहिलं आणि आमच्याकडच्या बायका खूश झाल्या. नलिनी म्हणजे कमळवेल. किती नवं, किती नाजूक नाव. अक्काचा चेहरा मुंडावळ्यांखाली फुलला होता, तो मला अजून दिसतो. मुलाकडच्या एक आत्याबाई पदराने डोळे टिपत होत्या. आम्हाला वाटलं, आनंदाने.

पाठराखीण म्हणून अक्काबरोबर मला सासरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तिच्या सासूबाईंनी माझ्यापुढे पितळेचं ताट ठेवलं. काठावर ठोके मारून नाव घातलेलं होतं. मला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड होती.

"सौ. नलिनी हिस मामाकडून," मी वाचलं. "अक्का, तुझं नाव आलं बघ ताटावर. पण आपल्याला मामा कुठाय?"

अक्का चुलीपुढे होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"तिचंच आहे ते, पहिलीचं," सासूबाई अगदी सहज म्हणाल्या. "तांबे, पराती, सगळ्यांवर तेच नाव आहे. आता कुठे पुसून परत ठोके मारायचे? आणि घरात नाव चालू राहिलं की तीही सुखात राहते. तुझ्या संसारात आडवी येणार नाही. तुझ्याच भल्यासाठी केलं हो."

मला त्या बाईचा राग यावा इतकी ती वाईटही नव्हती. हेच मला जास्त किळसवाणं वाटतं. तिने खरोखरच चांगलं केलं होतं, तिच्या मते. त्याच दिवशी तिने अक्काच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईची आकृती. आपण जेवायच्या आधी तिला हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आलं की आधी तिला दाखवायचं. म्हणजे नाव तिचं, ताट तिचं, नवरा तिचा. अक्काचं स्वतःचं असं त्या घरात काय उरलं, हे मी अंथरुणात पडून शोधत होते. मला काही सापडलं नाही.

अक्का मला कुशीत घेऊन म्हणाली, "घरी बोलू नकोस. नाव चांगलं आहे ना पण?"

मी घरी बोललेच. आई डाळ निवडत होती. हात थांबला, पण क्षणभरच. "नावाने काय अंगाला भोकं पडतात? सुखात आहे ना ती?" वडील म्हणाले, पद्धत असते एकेका घराची. दोघांपैकी एकानेही पंचवटीत जाऊन, आमच्या मुलीला तिचं नाव राहू द्या, असं म्हटलं नाही. नदी ओलांडली की झालं, इतकंच ते अंतर होतं.

पुढच्या भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीचं श्राद्ध त्या दिवशी करतात. स्वयंपाकाचा रगाडा मोठा, म्हणून मला मदतीला बोलावलं होतं. माजघरात गुरुजी बसलेले, समोर भाऊजी, पुढ्यात पिंड. अक्का आत सोवळ्यात वडे तळत होती.

त्या काळी नवरा चार माणसांत बायकोला नावाने हाक मारत नसे. भाऊजी तिला 'अगं' म्हणत, किंवा नुसते खाकरत. तांदळावर लिहिलेलं ते नाव त्यांच्या तोंडून, सर्वांसमोर, अक्काने कधीच ऐकलं नव्हतं.

गुरुजींनी विचारलं, "नाव?"

भाऊजी स्पष्ट आवाजात म्हणाले, "नलिनी."

"ओ," अक्का आतून म्हणाली. "आले हं." आणि झारा हातात तसाच धरून ती लगबगीने दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

भाऊजी पिंडाकडे बघत राहिले. गुरुजींनी घसा साफ केला. मग सासूबाईच म्हणाल्या, अगदी मायेने, "तुला नाही गं. तिला."

अक्का वळून चुलीपाशी गेली. कढईतला घाणा करपला होता. तो तिने काढला, दुसरा सोडला.

त्यानंतर त्या घरात कोणीही तिला हाक मारली, तरी ती ओ देत नसे. काम टाकून यायची आणि समोर नुसती उभी राहायची. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, पोरगी गुणाची आहे, पण कानाने जरा जड निघाली.