त्यांच्यासाठी ऐकलेली पिकअप

हळद शिजवायचा कुकर दारात उभा होता आणि त्याला ओढून न्यायला गाडी मिळत नव्हती. पौष सरत आला होता. हा कुकर म्हणजे दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला बॉयलर आणि त्याला जोडलेली पिंपं. पिंपांत हळद भरायची, वाफ सोडायची, एका शेतातलं काम संपलं की पुढच्या शेताकडं निघायचं. आजवर कुणाचा तरी ट्रॅक्टर भाड्यानं सांगून आम्ही तो हलवत होतो. पण हळदीचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच. ट्रॅक्टरवाल्यानं ऊस सोडून आमच्यासाठी का यावं? त्या वर्षी पलूसच्या एका शेतकऱ्यानं काढलेली हळद पाल्याखाली झाकून आठ दिवस आमची वाट बघितली आणि शेवटी दुसऱ्याचा कुकर बोलावला.

त्या दिवशी जेवताना आमच्या मालकांनी, माझ्या नवऱ्यानं, ठरवून टाकलं. "जुनी पिकअप बघू. डिझेलची. वढायला दम पायजे, दिसायला कशी का असंना!"

हे तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेलं असणार. ते आता असंच बोलतात. कुपवाडला लोखंड ठोकायच्या हॅमर मशीनवर त्यांची उमर गेली. आधी त्यांना स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येईना. मग पाखरं गेली. मग फोन. उजवा कान पुरता गेला, डाव्यात थोडं उरलं, तेही जाड आवाजापुरतं. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते घातलं की ताटात चमचा ठेवला तरी डोक्यात घण बसतो म्हणाले. ते कपाटात पडून आहे.

याच माणसाकडं एके काळी रविवारी दारात गाड्यांची रांग लागायची. मोटारसायकल असो की टेम्पो, ते स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. खोलून बघितलं की तसंच निघायचं.

मला त्या कानांची आठवण वेगळीच आहे. मी चुलीकडं तोंड करून भाकरी थापायची आणि ते मागं उंबऱ्यावर बसलेले असायचे. मी पाठमोरीच काहीबाही बोलत राहायची, अगदी बारीक आवाजात. गल्लीतलं, माहेरचं, कधी कुणाची नक्कल. मागून त्यांचं हसू यायचं. आता त्यांच्या खांद्याला हात लावायचा, समोर जायचं, तोंड दाखवायचं आणि ओरडायचं. जेवा. पाणी आलं. चला. एवढंच उरलं होतं. हळू सांगायच्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. मायेनं काही बोलायला गेलं तरी शेजारणीला वाटतं, आज यांचं भांडण लागलंय.

पहिली पिकअप बघायला आम्ही पलूसकडं गेलो. एका द्राक्ष बागायतदाराची गाडी, पेट्या वाहिलेली. ताजा रंग मारलेली, आरशाला लाल गोंडे. मालकांनी बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी काढून बोटावर तेल चोळून बघितलं, खाली वाकून मागचे स्प्रिंगचे पाटे बघितले. मग बागायतदारानं गाडी सुरू केली. मालकांनी इंजिनावर पंजा ठेवला. थोडा वेळ तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला, ते मला दिसलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणती गं?"

"चांगली वाटती," मी ओरडले.

"चांगली म्हंजे कशी? आवाज कसा हाय?"

मला सांगता येईना. इंजिनाचा आवाज इंजिनासारखा असतो, दुसरा कसा असणार? बागायतदार भला माणूस होता, त्यानं चहा पाजला. पण आम्ही तसेच परतलो. मोटारसायकलवर मी मागं बसलेले आणि ते पुढून वाऱ्यावर ओरडत होते, "तू माझा कान हाईस आता. चांगली-वाईट मी ठरवीन. तू फकस्त आवाज सांग!"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आमच्या घरासमोरून कारखान्यांकडं जाणारा रस्ता आहे. दुपारी कामं आटोपली की आम्ही पायरीवर बसायचो, मी त्यांच्या डाव्या अंगाला. गाडी आली की ते मला कोपरानं ढोसायचे. "सांग." पहिले दोन दिवस मी "मोठा आवाज", "बारका आवाज" एवढंच म्हणत होते. तिसऱ्या दिवशी एक टेम्पो गेला आणि मी पटकन म्हणाले, "तव्यात शेंगदाणं भाजताना तडतडत्यात, तसं."

त्यांचे डोळे चमकले. "एकसारखं तडतडतंय की मधीच थांबतंय?"

"मधीच थांबतंय."

"मग एका सिलेंडरला डिझेल नीट मिळत न्हाई त्याच्या."

मग मला वाटच सापडली. खलबत्त्याचा आवाज, सुपात ज्वारी पाखडण्याचा, रवी घुसळताना ताक लोण्यावर आलं की बदलतो तो, ओल्या लाकडाचा, दमेकऱ्याच्या छातीचा. माझ्या घरातले सगळे आवाज मी त्यांना रस्त्यावरच्या गाड्यांवरून सांगत होते आणि ते प्रत्येकाचा अर्थ लावत होते. मधेच गाडी राहायची बाजूला. "तुझी आई ताक करायची तवा दोरी करकरायची," ते म्हणायचे. "आठवतंय मला." आम्ही कितीतरी वर्षांत एवढं बोललो नव्हतो. माझा घसा बसायचा, तरी पुन्हा दुपारची वाट बघायची. खरं सांगायचं तर, गाडी लवकर मिळू नये असं मला वाटायला लागलं होतं. एक-दोन ठिकाणचे निरोप आले, ते मी त्यांना दोन दिवस उशिरानं सांगितले.

पण हंगाम थांबत नाही. दुसरी पिकअप कुपवाडलाच होती, जुन्या गाड्या विकणाऱ्याकडं. माणूस गोड बोलणारा. "बसा वैनी, एका चावीत सुरू हुती बघा." झालीही. मालकांनी बॉनेटला हात लावला आणि लगेच मागं घेतला. "आमी यायच्या आधीच तापवून ठिवलीया व्हय? गार इंजिन कसं सुरू हुतंय ते बघाय आलो आमी." तो हसला. मी ऐकत होते. वरचा आवाज ठीक होता, पण त्याच्या खाली, खोल, काहीतरी होतं.

"खलबत्त्यात सुपारी ठेचल्यागत," मी मालकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. "ॲक्सिलेटर दिला की ठोके जवळजवळ येत्यात."

त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. "आतलं बेरिंग गेलंय. चल," म्हणाले. विकणारा माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी त्याच्या घरातलं काही फोडलं होतं.

तिसरी गाडी कवठे महांकाळच्या पुढं, माळावर. मेंढपाळाचं घर. नवरा-बायको दोघंच, आमच्यापेक्षा थोडे मोठे. ही पिकअप चाऱ्यासाठी रानोरान फिरायच्या दिवसांत कोकरं घेऊन जायची आणि मागं पाण्याची टाकी ओढायची. पोरं पुण्याला लागली, मेंढरं निम्म्यावर आली, म्हणून विकायला काढली होती. बघताच माझं मन खट्टू झालं. एक दार चेपलेलं, मागचा हौदा गंजलेला, आत सगळीकडं मेंढरांचा वास. कागद मात्र सगळे नीट पिशवीत ठेवलेले होते आणि मागचा ओढायचा हूक चांगला जाड, झिजून चकचकीत झालेला.

सकाळची वेळ, इंजिन गार. म्हाताऱ्यानं चावी फिरवली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा सुरू झाली. मागून पांढरा धूर आला आणि थोड्या वेळात विरून गेला. काळा नाही, निळा नाही. मालकांनी तेलाचं झाकण काढून तिथं तळहात धरला, आतून वाफेचा दाब येत नव्हता. मग माझ्याकडं वळले.

मी डोळे मिटले. "जात्यात मुठीमुठीनं दाणं पडत्यात आणि भरड येती, तसं. एकसारखं. कुठं अडत न्हाई." मग थोडं थांबून, "पण मधनं मधनं भाकरीतनं वाफ सुटल्यागत हुतंय. फुस्स."

"कुठल्या अंगाला?"

मी हात दाखवला. ते त्या बाजूला वाकले, बोटं फिरवली आणि हसले. किती दिवसांनी ते असे हसले होते! "सायलेन्सरच्या जोडावरचं पॅकिंग गेलंय. काय न्हाई त्यात."

मग टाकी पाण्यानं भरून हुकाला लावली आणि आम्ही समोरचा चढ चढलो. ते चालवत होते, मी शेजारी. मध्यावर त्यांनी मुद्दाम गाडी थांबवली आणि परत उचलली. क्लच घसरला नाही. पाण्याचं सगळं ओझं मागं असताना ती न कुरकुरता वर गेली. खाली आलो तर ती मेंढपाळीण वाटेत उभी होती. गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाली, "आमची मेंढरं हिचा आवाज वळखत्यात. लांबनं आली तरी माना वर करत्यात. आता न्हाई करायची."

"काय म्हणली गं?" मालकांनी विचारलं.

मी ओरडून सांगितलं. त्यांनी त्या बाईकडं बघितलं आणि हात जोडले. व्यवहाराचं बोलणं पाच मिनिटांत झालं, आमच्या आवाक्यातलं होतं. निघताना म्हातारीनं आमच्या ओंजळीत शेंगा घातल्या आणि आत निघून गेली. गाडी वळून गेलेली तिला बघायची नसावी.

मोटारसायकल हौद्यात चढवून निघालो, परतीला वाटेत एका टपरीवर थांबलो. गाडी बंद होती, आम्ही आतच बसून चहा घेत होतो. मोटारसायकलवर मी कायम मागं असायची. इथं मी त्यांच्या डाव्या बाजूला, चांगल्या कानाकडं. ते समोर काचेतून बघत होते. एकदम म्हणाले, "तुझा आवाज कसा झालाय गं आता?"

मी दचकलेच. "फाटलाय," मी म्हणाले.

"फाटलाय म्हंजे कसा? नीट सांग की."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. "वरडून वरडून भरडा झालाय. जाडा. पयल्यासारखा न्हाई."

त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "मला ते ऐकू येत न्हाई," म्हणाले. "माझ्या कानात अजून जुनाच हाय."

टपरीवाला ग्लास न्यायला आला तेव्हा मी पदरानं तोंड पुसत होते.

त्या आठवड्यात त्यांनी पॅकिंग बदललं, ब्रेक बघितले, कुकरच्या दांडीचा जोड नव्यानं वेल्डिंग करून घेतला. पलूसकडची गेलेली दोन गिऱ्हाइकं परत आली. शिमग्याच्या सुमाराला आम्ही पहिल्यांदा साताऱ्यापलीकडं वाईच्या शेतांत गेलो. ट्रॅक्टरनं तिकडं जायचं कधी मनातही आणलं नव्हतं. तिथल्या बायका आधी गाडीला मेंढरांचा वास येतोय म्हणून नाक मुरडायच्या आणि नंतर शिजलेली हळद सुपात घेऊन आमच्याच गाडीच्या सावलीला बसायच्या.

याला आता दोन हंगाम झाले. गाडी चांगली चालते. आता ते मला आवाज विचारत नाहीत. गिअरच्या दांड्यावरच्या हाताला सगळं कळतं त्यांच्या. पायरीवरच्या दुपारीही राहिल्या नाहीत, कामं वाढली. आणि यंदा डावा कानही मिटत चाललाय. डॉक्टरांनी तपासून मान हलवली, त्यांना न सांगता मला सांगितलं. मी त्यांना अजून बोललेले नाही. त्यांना कळलं असेल, पण तेही बोलत नाहीत.

तो पुरता जायच्या आत मला त्यांच्याशी एकदा कुजबुजायचं आहे. ओठ त्यांच्या कानाला लावून, अगदी बारीक आवाजात, शेजारणीला कळणार नाही असं. काय कुजबुजायचं, ते मात्र अजून मला सुचलेलं नाही.