काशाचा बैल

आखातात, उम्म अल कुवैनला आमच्या शेजारच्या व्हिलात दर हिवाळ्यात उत्खनन करणारी परदेशी मंडळी उतरत. नवरा इंडस्ट्रियल एरियात स्टोअरकीपर, मुलगी शाळेत. दिवस मला खायला उठायचा. लग्नाआधी मी शाळेत चित्रकला शिकवायचे, हे कळल्यावर त्यांच्यातल्या एक वयस्क बाई घरी आल्या. सापडलेल्या वस्तू साफ करून टिकवणं हे त्यांचं काम. म्हणाल्या, "आमच्या वस्तूंची चित्रं काढाल का?"

त्या वर्षी रोमन काळातल्या एका थडग्यात बैल सापडला. करंगळीएवढा, काशाचा, पाठीवर वशिंड. बाई भिंगाखाली धरून सुईनं त्याची माती काढत आणि मी समोर बसून तो चारी बाजूंनी रेखाटत असे.

"आमच्याकडे पोळ्याला असे मातीचे बैल करतात," मी एकदा सांगितलं.

"मग हाही तुमच्याकडूनच आला असेल, जहाजात बसून," बाई हसल्या.

घरी मुलीला चित्र दाखवलं. ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ काऊ."

उन्हाळ्याआधी मंडळी मायदेशी गेली. बैल डब्यात बंद करून गोदामात ठेवला होता. मध्येच गोदामाचा एसी बंद पडला आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

परत आल्यावर बाईंनी डबा उघडला तेव्हा मी शेजारीच होते. आत फिकट हिरवी भुकटी. शिंगं गळालेली. बोट लावलं तर वशिंडही सुटलं. दमट हवेत काशाला रोग लागतो, तो धातू खात जातो, असं त्या मला मागे म्हणाल्या होत्या.

"मी झाकण नीट लावलं होतं ना?"

"लावलं होतं. मी पाहिलंय."

दिवसभर त्या पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिल्या. "खलास, झालं ते झालं, तुमचा काही दोष नाही," उत्खननाच्या प्रमुखांनी समजावलं. पण बाईंचे हात कामाला लागेनात. हंगाम अर्ध्यावर सोडून त्या निघाल्या. टॅक्सीत बसताना त्यांनी माझा हात घट्ट धरला.

त्यांच्या जागी एक तरुण डिजिटल कॅमेरा घेऊन आला. आता चित्रांची गरज पडणार नाही, असं त्यानं फार नम्रपणे सांगितलं.

"आज शेजारी गेली नाहीस?" संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं.

"आता जायचं नाही," मी म्हटलं, आणि कणीक मळायला घेतली.