आमच्या परसातला गवती चहा

बसा, बसा. चहा टाकायला सांगितलाय. अहो, असं एकमेकांकडे काय बघताय? साधाच आहे, दूध-साखरेचा. माझ्या चहाविषयी गावात काय काय बोललं जातं ते मला माहीत आहे. म्हणूनच म्हटलं, एकदा माझ्या तोंडून ऐका. फजिती झाली, हे मी कबूल करतो. चूक झाली, हे मात्र करत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत!

तर, जामखेडला आमच्या घरामागं एक रिकामा तुकडा होता. नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची. कापडाचं दुकान मुलगा बघायला लागला आणि मी दिवसभर घरात. आमची शालन दोन आठवडे माझ्या सूचना ऐकून घेत राहिली. भाजी अशी चिर, कुकर तिथं ठेव. मग एके दिवशी तिनं माझ्या हातात कुदळच दिली.

"अवो, रिकामं माणूस घरात लई त्रास देतं. चला, मागं झाडं लावू."

लावली. खड्डे मी खणले, हाताला फोड मला आले, आणि "हिकडं नगं, तिकडं खना" हे तिनं सांगितलं. वाटणी अशी ठरली: फळझाडं तिची, चहाची, काढ्याची, वासाची पानं माझी. ती श्रीगोंद्याकडची, शेतकऱ्याची लेक. तिनं पेरू, लिंबू, सीताफळ, डाळिंब लावलं आणि सगळंच्या सगळं जगलं. माझा पुदिना आठवड्यात मान टाकून बसला. ओवा लावला, तो उन्हानं करपला. तुळस तेवढी राहिली, पण तिला पाणी शालनच घालायची, म्हणजे ती पण माझ्या खात्यातून गेली.

आता सांगा, माणसाला काही इज्जत असते की नाही? रोज सकाळी तिचं लिंबू वर आणि माझी मान खाली! म्हटलं, बस. आता गवती चहाच लावायचा. तो कुठंही येतो म्हणतात.

शालनचा धाकटा भाऊ बबन माहेरची शेती बघतो. गोठाभर म्हशी आहेत त्याच्या. मी शालनला न सांगता त्याला फोन लावला.

"बबनराव, ते गवताचे ठोंब असतील ना तुमच्याकडं? गवती हो! द्या की पाठवून थोडे."

रेंज अशी, की निम्मे शब्द श्रीगोंद्याला पोचले आणि निम्मे वाटेत उतरले.

"गवत? लई हाय दाजी! उद्याच टेम्पोत टाकतो."

दुसऱ्या दिवशी पोतं भरून ठोंब आले. मी म्हटलं, मेव्हणा असावा तर असा. सगळे लावले. बादल्या भरभरून अंघोळीचं, धुण्याचं पाणी घातलं. आणि महाराज, काय आलं! पंधरा दिवसांत गुडघ्याला, महिन्यात कमरेला. मी त्याच्याशेजारी उभा राहून शालनच्या लिंबाकडं बघायचो. मुद्दाम.

एक दिवस शालननं पान तोडलं, चोळलं, नाकाशी धरलं.

"अवो, ह्यो गवती चहा न्हाई. ह्ये हत्ती गवत हाय. म्हशीची वैरन."

"तुझं माहेर म्हशींचं. तुला गुलाब दाखवला तरी वैरणच दिसायची."

"वास घ्या की मग."

घेतला. आता तुम्ही आपली माणसं म्हणून सांगतो, वास नव्हता. पण मी एवढ्या बादल्या ओतल्या होत्या! त्यातून ती अशी कमरेवर हात ठेवून उभी. अशा वेळी माणूस खरं बोलतो का?

"कोवळं आहे अजून," मी म्हणालो. "मुळं धरली की वासही धरेल."

"मी बबनला इचारते."

"खबरदार! माझ्या बागेतलं माझं मी बघीन."

"बगा मग," असं म्हणून ती पेरूकडं निघून गेली. शालन भांडते तोवर मला कसली भीती वाटत नाही. ती "बगा मग" म्हणाली की मात्र सावध व्हायला पाहिजे, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तो चहा प्यायला सुरुवात केली. कात्रीनं बारीक कातरायचं, उकळत्या पाण्यात टाकायचं. चव? ओल्या गवतावर बसल्यासारखं वाटायचं. मी घोट घेऊन "आहाहा!" म्हणायचो आणि शालन शांतपणे स्वतःचा आल्याचा चहा प्यायची.

एकट्यानं किती दिवस आहाहा करणार? मग मी माझे दोन मित्र धरले. पाटोळे गुरुजी आणि टायरवाले अन्वरभाई. सकाळी फिरून येताना दोघं आमच्याकडं टेकायचे. मी त्यांना पेरूखाली खुर्च्या टाकून चहा दिला.

"कसला आहे?" गुरुजींनी विचारलं.

"गवती. घरचा. पित्तावर एक नंबर!"

हे पित्ताचं मी तिथल्या तिथं बनवलं. पण गुरुजींचं पित्त जुनं, त्यांना आशा फार. आठवड्यानं म्हणाले, "फरक आहे हो!" अन्वरभाई म्हणाले, "भाईसाब, खुशबू हल्की है, मगर है." माझी छाती अशी फुगली! मी स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडलो, "ऐकलंस का? खुशबू आहे!" आतून फक्त भांडं आपटल्याचा आवाज आला.

अशात बबनचा फोन.

"दाजी, गवत लागलं का?"

"लागलं? अहो, खांद्याला आलं!"

"मंग खानारी तोंडं किती हायेत?"

मला वाटलं, पिणारी म्हणायचं असेल. खेड्यातला माणूस, बोलतो कसंही.

"सध्या मी धरून तीन. शालन तोंड लावत नाही. बाकीचे दोघं सकाळी येतात बाहेरून."

बबननं विचारलं, "मोकाट?"

"मोकाटच म्हणा," मी हसलो. "घरचे सकाळी सोडून देतात, मग येतात आमच्या दारात."

"आन् तसंच टाकता का तोडून?"

"छे! बारीक कातरून."

"म्हंजी कुट्टी करून! वर काय?"

"थोडा गूळ."

"लाड हायेत राव दाजी!" बबन अगदी गहिवरला. "लोकाच्या मोकाट जनावरालाबी…" इथं रेंज गेली. परत आली तेव्हा तो म्हणत होता, "…तर मग आमच्या घरची एक चांगली आनू का? आक्काला माहेरची भेट म्हनून."

"आणा की! विचारता काय? पेरूशेजारी जागा आहे."

"पेरूलाच बांधू मग."

बांधायची म्हणजे वेल असणार, असं मी समजलो. द्राक्षाचा असेल, नाहीतर कृष्णकमळाच्या फळाचा. मी बाजारातून सुतळीचा गुंडा आणून ठेवला. हसा, हसा. सुतळी अजून आहे घरात.

रविवार सकाळ. पेरूखाली आमची बैठक. गुरुजी दुसरा कप घेत होते. तेवढ्यात गल्लीत टेम्पो मागं घेत घेत आला आणि आमच्या फाटकाला लागला. टेम्पोची मागची फळी पडली. आतून आधी बबन उतरला आणि त्याच्या मागनं, कपाळावर कुंकू, शिंगांना गोंडे, अशी एक म्हैस.

म्हैस, हो! काळीभोर, चकचकीत, पहिल्या वेताची!

बबन सरळ माझ्या गवतापाशी गेला. मूठभर पानं हातात धरली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "वा दाजी! शेरातल्या मानसानं आसलं हत्ती गवत वाढवलं, मानलं बरं का! आमच्या गोठ्यामागंबी आसलं न्हाई!"

गुरुजींचा कप ओठाशी थांबला. त्यांनी कपात बघितलं. मग गवताकडं. मग म्हशीकडं. म्हैस एव्हाना त्याच गवताचा मोठा घास घेऊन, डोळे अर्धे मिटून चावत होती.

"हेच का ते?" गुरुजींनी हळूच विचारलं.

आता बघा. माझ्यापुढं दोन रस्ते होते. फसलो म्हणायचं, नाहीतर उभं राहायचं. दारात बायको. ओठ घट्ट मिटलेले, हसू डोळ्यांत. मी उभा राहिलो.

"हेच!" मी म्हणालो. "मग? म्हैस पाळायची म्हणूनच लावलं होतं!"

मला वाटलं, जिंकलो. पण अन्वरभाई खुर्चीवरून उठले.

"मतलब आपको पता था? जानवर का चारा है, पता था, और हमको पिलाया?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! नकळत पाजलं म्हणावं तर मी मूर्ख. जाणूनबुजून म्हणावं तर मी हलकट. क्षणभर विचार केला आणि सांगतो तुम्हाला, मी हलकट निवडलं. मूर्ख ठरलो असतो तर ते शालनसमोर ठरलो असतो.

"हो, माहीत होतं! वनस्पतीच आहे ना? तुमचं पित्त गेलं की नाही, गुरुजी?"

गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तरीच," ते म्हणाले, "आमची ही रोज म्हणते, जेवण झाल्यावरही तुम्ही तोंड हलवत का बसता!"

दोघंही निघून गेले. अन्वरभाईंनी तर माझ्या स्कूटरच्या चाकात महिनाभर हवा भरून दिली नाही.

मी बबनकडं वळलो. "अहो, निदान बहिणीला तरी विचारायचं!"

"इचारलं की! आक्का म्हनली, आन."

मी शालनकडं बघितलं. ती बादलीत पाणी घेऊन म्हशीला पाजत होती. म्हशीच्या मानेवरून हात फिरवत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. माहेरची म्हैस, हो.

"तुमच्या बागेतलं तुमीच बगनार हुता," ती एवढंच म्हणाली.

म्हैस राहिली. परत पाठवली असती तर चूक मान्य केल्यासारखं झालं असतं! आता रोज सकाळी विळा घेऊन मी ते गवत कापतो, कुट्टी करतो, शेण काढतो. वर्षानुवर्षं साड्यांच्या घड्या घालणारे हे हात! गुरुजी परत यायला लागलेत, कारण चहाला दूध आता घरचं, दाट. अन्वरभाईपण येतात, पण कप आधी नाकाला लावून बघतात.

आणि हो, शालननं मग खरा गवती चहा आणून लावला. कुंपणाच्या कडेला, माझ्या गवताला खेटून. आता हिरव्यात हिरवं, मला सकाळच्या घाईत काय कळणार? परवा मी दोन्ही एकत्रच कापलं आणि भारा म्हशीपुढं टाकला.

म्हशीनं वास घेतला. फक्त एकदा. हत्ती गवत तेवढं वेचून खाल्लं आणि गवती चहा नाकानं ढकलून माझ्या पायावर टाकला.

मागं शालन उभी होती.

"बगितलं?" ती म्हणाली. "जनावराला कळतं."

मी मान वर केली. ताठ उभा राहिलो.

"डॉक्टरला बोलवायला पाहिजे," मी म्हणालो. "हिला सर्दी झालीय."