तारेवरची काजळी

शेवयांच्या कारखान्यासाठी जालना एमआयडीसीजवळचा एक प्लॉट मी चार दिवस रोज सकाळी जाऊन बघत होतो. रस्ता, वीज, पाणी सगळं होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारची एक बाई रोज धुणं घेऊन बाहेर यायची, ओल्या फडक्यानं अख्खी तार पुसायची आणि मगच कपडे वाळत घालायची. खरेदीच्या सहीच्या आदल्या दिवशी मी विचारलंच, "मावशी, तार रोज कशाला पुसता?"

"वारं त्या लोखंडाच्या मिलकडून आलं की काजळी बसते, दादा. तुम्ही काय टाकून राह्यले इथं?"

"शेवया. उन्हात वाळवायच्या."

तिनं काळं झालेलं फडकं उलटून पाहिलं.

"तार पुसता येते, दादा. शेवया कशा पुसणार?"

आता कुठलीही जागा बघायला गेलो, की मी आधी शेजारच्या तारेवरून बोट फिरवतो.