तांब्याच्या नळीतली वाळू

माझ्या भावाला, शिवदासला, लोक वेडा मिस्त्री म्हणायचे. म्हणोत मेले. ज्याचं जळतं त्याला कळतं. दिघीच्या कोळ्याचा पोर, होडी सोडून मोटारीच्या मागं का लागला, ते मी सांगते. मी राही, त्याची थोरली बहीण, आणि माझ्या तोंडाला लगाम न्हाय.

त्याची बायको तुळशी बाळंतपणात अडली. बैलगाडीत घालून म्हसळ्याला डॉक्टरकडं नेत होतो. घाटात जांभळीचं वळण हाय, तिथं ऐन बाराच्या उन्हात तिनं माझा हात घट्ट धरला आणि सोडला. पोटातलं मूलही गेलं. गाडी माघारी वळवली, दिघीच्या किनाऱ्यावर तिला जाळली. महिन्याभरात शिवदास आगबोटीनं मुंबईला गेला आणि पाच वर्षं मोटारीच्या कारखान्यात राबला.

परत आला तो आमच्या बाबाजी खोतांच्या मोटारीवर मिस्त्री म्हणून. चौतीस साल असेल. खोतांनी मुंबईहून जुनी इंग्रजी मोटार आणली होती, दोन कारबुरेटरची. कारबुरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल पाजायची वाटी, असं शिवदास मला सांगायचा. ही भवानी दोन वाट्यांनी प्यायची. आणि भर दुपारी जांभळीच्या वळणावर आली की ठप्प! दुसरीकडं कुठं न्हाय, तिथंच. खोत उतरून नारळ फोडायचे, "तुळशे, वाट दे गो" म्हणायचे, घटकाभर थांबायचे, की मोटार चालू. सगळा गाव म्हणायला लागला, तुळशी मोटार अडवते.

शिवदासच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "माझी बायको कुणाची वाट अडवत न्हाय! नळी चुकीच्या वाटेनं गेली हाय."

म्हणे पेट्रोलची नळी धुराच्या तापल्या नळकांड्याला खेटून जाते. चढावर पेट्रोल नळीतच उकळतं, बुडबुडे धरतं, वाट्या कोरड्या पडतात. नारळ फोडेपर्यंत सगळं निवतं. त्याला मोटारीचं काही पडलं नव्हतं. तुळशीच्या नावाला लागलेला बट्टा तेवढा पुसायचा होता.

नळी कुठून न्यायची, हे त्यानं आधी जाळ्याच्या सुतानं आखलं. आठ दिवस सूत बांधायचा, सोडायचा. शेवटी जमलं. इंजिनाच्या थंड अंगानं वर, मग मधोमध फाटा, दोन्ही वाट्यांकडं सारख्याच लांबीचा. "एकीला जास्त, एकीला कमी असं चालत न्हाय, बाय. आणि मधे कुठं उंचवटा नको, बुडबुडा तिथंच दबा धरून बसतो."

मग तांब्याची नळी घेतली. वाकवताना ती चेपू नये म्हणून आत वाळू ठासायची आणि मग झटकून काढायची असते. "ओढ्याची वाळू आण, धुऊन वाळवून. किनाऱ्याची नको. खारी वाळू ओल धरते, आत चिकटून बसते."

ओढा अर्धा कोस लांब. मी म्हटलं, वाळू ती वाळू! किनाऱ्यावर भरती होती. कोरडी वाळू एकाच जागी राहिली होती, मसणाच्या उंचवट्यावर. जरा राखाडी होती. पदरात भरून आणली आणि तोंड मिटून बसले. जन्मात एकदाच गप्प बसले, तेही नको तिथं.

नळी बसवून तीन दिवस झाले नाहीत, तोच माझी लेक केसर अडली. पहिलंच बाळंतपण. सुईणीनं हात टेकले. खोतांनी मोटार दिली, शिवदास चालवायला, मी मागं केसरचं डोकं मांडीवर घेऊन. निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

जांभळीच्या वळणावर मोटार खोकली. एकदा, दोनदा. केसरनं माझा हात धरला. अगदी तसाच. मी किंचाळले, "तुळशे! माझी पोर हाय गो! तुझं गेलं, माझं नको नेऊ!"

इंजिनाचा आवाज बंद पडला. मोटार थांबली न्हाय.

चढ होता, बाबा. चढ! नुसती चाकाखाली खडी वाजत होती आणि आम्ही वर चाललो होतो. शिवदासनं चाक धरलं होतं, त्याची मान पांढरीफटक. मी मागं वळून पाहिलं. धुळीत कुणी नव्हतं, पण मागच्या टपावर कुणी हात टेकावेत तसा आवाज येत होता. खिंड आली. पुढं म्हसळ्यापर्यंत उतारच उतार.

केसर वाचली. मुलगी झाली.

डॉक्टरच्या अंगणात शिवदासनं नळी सोडवली. आत चिकटून राहिलेली राखाडी वाळू सुटून फाट्याच्या दोन्ही अंगांत गच्च बसलेली, थेंब जायला जागा न्हाय. त्यानं ती तळहातावर घेतली.

"बाय, कुठली वाळू ही?"

मी सांगितलं. मला वाटलं, मारतो आता. त्यानं ती रुमालात बांधली, खिशात घातली.

नळी साफ झाली, पुन्हा मोटार कधी अडली न्हाय. पण रिकामी मोटार घेऊन म्हसळ्याला निघाला की शिवदास जांभळीच्या वळणावर आपणच थांबायचा. उतरून मागचं दार उघडायचा, जरा वेळानं सावकाश लावायचा. एकदा मीच तेवढी मागं बसले होते. म्हटलं, "कुणाची वाट बघतोस, शिवा?"

"तुळशीला डॉक्टरकडं पोचवायची राहिली हाय, बाय," तो म्हणाला. "तू पुढं येऊन बस."