खंडेनवमीचा दोर

माझ्या मुलीने चाळिशी उलटल्यावर स्कीइंगचं खूळ घेतलं, आणि तेही साधं नाही. जिथे लिफ्ट नाही, चिटपाखरू नाही, अशा बर्फाच्या उभ्या उतारांवर आधी पायी चढायचं आणि मग वरून घसरत यायचं. एरवी इथे परदेशात, पापाकुरा गावातल्या फार्मसीत दिवसभर औषधं देणारी बाई ही! वाटेत कडा आला तर स्की पाठीला बांधून दोरावरून खाली उतरावं लागतं. ते दोराचं काम ती शनिवारी शिकायला जायची आणि घरी बाहेरच्या लाकडी डेकच्या खांबाला दोर बांधून घोकायची. तेवढा वेळ मी आत खिडकीशी घासलेली भांडी पुन्हा घासायची.

मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे वेढे घ्यायचे, म्हणजे हात सुटला तरी ती आवळते आणि माणूस जागीच थांबतो. बघून बघून मलाही कळायला लागलं होतं. शिकवणाऱ्या बाईंचा नियम असा, की दुसऱ्याने हात लावून तपासल्याशिवाय दोरावर भार टाकायचा नाही. घरात दुसरं कोण? मीच. जाड हातमोजे घालून तिला ते वेढे जमेनात. एखादा तरी चुकायचाच.

अशात खंडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फाच्या डोंगरांकडे, दक्षिण बेटावर जायचं तिचं विमान. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पूजेला मांडतात, आणि त्या दिवशी ती वापरत नाहीत. मी विळी, सुरी, तिचा लॅपटॉप मांडला, आणि हळूच तिचा दोरही ठेवून दिला. म्हटलं, सराव बुडाला तर जाणं तरी पुढे ढकलेल.

ती उठून आली. "आई, दोराला हळदकुंकू नको हं! त्याला काहीही लागलेलं चालत नाही."

"बरं, नुसतं फूल ठेवते. पण आज उचलायचा नाही, माहितीये ना?"

मी भांडायच्या तयारीतच बसले होते. तर ही म्हणते, "नाही उचलत. उद्या दसरा. सीमोल्लंघनाला तर तू नाही म्हणणार नाहीस?" आणि चहा घेऊन मोकळी.

घ्या! म्हणजे ही जाणार ती जाणारच, वर सराव न करता जाणार.

मग मला काही बसवेना. विळी पूजेत, म्हणून मेथी निवडायला घेतली, तर पानं टाकली आणि काड्या ठेवल्या. डेकवर गेले, आत आले, परत गेले. ती सोफ्यावर हातमोजे घालून, डोळे मिटून, हवेतच बोटं फिरवत होती. मध्येच चुकचुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी मी देवापुढे हात जोडले, फूल बाजूला केलं आणि दोर उचलला. केवढा जड तो! "चल बाहेर."

"अगं, पण आज..."

"देवाशी मी बघते. तू हातमोजे काढू नकोस."

पहिल्या खेपेला एक वेढा दुसऱ्यावर चढलेला. "नापास," मी म्हटलं. पुढच्या खेपेला तिने, झकास आहे ना अशा अर्थाने, इथल्या बोलीत विचारलं, "स्वीट अ‍ॅज?"

"कसलं स्वीट! हा सैल आहे बघ."

वारा सुटला. तिची बोटं आखडली. म्हणाली, "पुरे ना आता."

"उद्या वर असं म्हणशील?"

तिने सगळं सोडवून पुन्हा बांधलं, आणि डेकच्या कडेला पाठ करून उभी राहिली. आमचं घर उतारावर, खाली चांगली पुरुषभर उंची. मी एकेका वेढ्यावरून बोट फिरवलं, ओढून पाहिलं. खरं सांगते, चूक शोधत होते, आणि सापडत नव्हती.

"आई, बोल ना. तू बोलल्याशिवाय मला भार टाकता येत नाही."

मी पुन्हा बोट फिरवलं.

"ठीक आहे," म्हटलं.

ती मागे रेलली.