शेवटचं मशीन

प्रोग्राम सुधारला की कॉम्प्युटर कंपनीचा इंजिनिअर नव्या फ्लॉप्या घेऊन आमच्या ऑफिसात यायचा. नागपूरच्या उन्हात त्या वाकतात, म्हणून स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवून आणायचा आणि डब्याला बाहेरून ओलं फडकं गुंडाळायचा. कॉम्प्युटर अकरा होते, एकेकावर नवा प्रोग्राम चढवायला पाऊण तास लागायचा. सुरुवात करण्याआधी तो प्रत्येक मशीनवर तळहात ठेवायचा, पोराचा ताप बघावा तसा.

माझं मशीन नेहमी शेवटी. "तुमची मशीन जुनी हाये मॅडम, तिले टाइम लागते." अकराही मशीनं एकाच ट्रकमधून उतरली होती, पावतीवर सही माझीच होती. तरी मी थांबायचे. माझी पाळी येईस्तोवर बाकीचे घरी गेलेले असत. कूलर घरघरत असे आणि आम्ही त्याच डब्याच्या झाकणात फुटाणे घेऊन बसायचो.

चार वर्षं असंच चाललं. मग एका मे महिन्यात तो आला तो सरळ माझ्या टेबलाशी थांबला.

"काहून हो, आज माझ्यापासून?"

"चारच्या बसनं खाप्याले जाऊन राहिलो," तो मशीनकडे बघत म्हणाला. "घरचे मागं लागले. पोरगी पाहाची हाये. उरलेल्या मशीन उद्या करतो."

माझं मशीन साडेअकरालाच तयार झालं. मी दिवसभर ते बंद ठेवलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याच्यासारखा त्यावर तळहात ठेवून पाहिला. पार गार पडलं होतं.